वही तपासू नका, वाचा

‘पावसाळ्यातील एक दिवस’ या विषयावरचे किती निबंध मी तपासले असतील, त्याची गणती नाही. 27 वर्षं हायस्कूलला मराठी शिकवलं. दरवर्षी तीन-चार तुकड्या, तुकडीत पन्नास-साठ मुलं. त्या सगळ्या निबंधांत डोंगर हिरवा शालू नेसायचे, मोर पिसारा फुलवायचा, ओढे खळाळायचे आणि शेवटी बळीराजा सुखावायचा.

मुलं सोलापूरची. इथं वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. शहरातून कुठल्याही दिशेला निघा, हिरवा शालू नेसायला डोंगरच नाही. माळ आहे, ज्वारी आहे, माळढोक पक्ष्यासाठी राखलेलं नान्नजचं अभयारण्य आहे; पण माळढोक काही कुणाच्या निबंधात आला नाही. पावसाळ्यात सोलापूरकर एकमेकांना विचारतात, ‘उजनी किती टक्के झाली?’ आणि हे धरण भरतं पुणे जिल्ह्यात पडणाऱ्या पावसावर. आमचा पावसाळा आम्ही आभाळात कमी आणि पेपरातल्या टक्केवारीत जास्त बघतो. हेही कुठल्या वहीत आलं नाही.

एकदा आलं. आठवीतल्या एका मुलीनं लिहिलं होतं: पाऊस आला की नायना मागावरच्या सुतावर प्लास्टिक टाकायला पळतात. पत्रा गळतो. सूत भिजलं की डाग पडतो, शेठ पैसे कापतो. ‘पाऊस येलालाय’ म्हणून अम्मा ओरडली की मी पातेली लावते. मला पाऊस आवडत नाही.

मी लाल पेनानं ‘येलालाय’ खोडून ‘येत आहे’ केलं. ‘अम्मा’वर गोल करून ‘आई’ लिहिलं, ‘नायना’च्या जागी ‘बाबा’. खाली शेरा दिला, ‘निसर्गवर्णन कमी. भाषा सुधारा.’ दहापैकी चार. पुढच्या चाचणीत त्याच मुलीच्या निबंधात हिरवा शालू आला आणि मी तिला आठ दिले. मला तेव्हा मनापासून वाटलं, पोरगी सुधारली.

आज या गोष्टीची मला लाज वाटते. त्या वर्षभरात माझ्या हातात आलेलं खरं लिखाण तेवढं एकच होतं, आणि ते मी माझ्या हातानं बंद केलं.

मुलांना लिहायला आवडत नाही, ही तक्रार हल्ली प्रत्येक पालकसभेत ऐकू येते. दोष मोबाईलला दिला जातो, इंग्रजी माध्यमाला दिला जातो. मला हे पटत नाही. हिरवा शालू मोबाईलच्या आधीपासून वह्यांत आहे. मूल बोलायला लागल्यापासून गोष्टी सांगतं. शाळेतून आलं की दप्तर टाकायच्या आत कोण कुणाला काय म्हणालं ते सांगायला लागतं. ‘मग काय झालं माहितीय का’ हे वाक्य त्याला कुणी शिकवलेलं नसतं. सांगण्याची एवढी हौस असलेलं मूल कागदापुढं बसल्यावर मुकं होत असेल, तर कागदाशी त्याची ओळख आपण कशी करून दिली हे तपासायला हवं. माझं म्हणणं असं आहे, की आपण मुलांना लिहिण्यासाठी परीक्षक दिले, वाचक दिलाच नाही. चुका धरणारा माणूस हा वाचक नसतो. पुढं काय झालं हे ज्याला जाणून घ्यायचंय, तो वाचक.

सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांचं बालपण गेलं, त्यांना हे चटकन समजेल. तिथं कित्येक घरांत आई विड्या वळते. पानं भिजवायची, साच्यावर धरून कात्रीनं कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांमागे. विड्या द्यायला गेल्यावर तिथला तपासणारा माणूस जुडी उलटीपालटी करतो आणि नापास विड्या बाजूला काढतो. त्या वळायलाही वेळ गेलेला असतो, पण हिशेबात त्या धरत नाहीत. आईबरोबर गेलेलं मूल ते बघत असतं. आईच्या चेहऱ्याकडंही बघत असतं. मग तेच मूल शाळेत येतं, वही पुढं करतं आणि आम्ही तिथं तेच करतो. विडीचा तरी धंदा आहे, माल ठरलेल्या मापाचाच लागतो. मुलाच्या मनातली गोष्ट कुठल्या मापाची असावी, हे आम्ही कोण ठरवणार?

भाषेचा प्रश्न सोलापुरात आणखी तिखट होतो. या गावात एकाच वर्गात घरी तेलुगू बोलणारी, कन्नड बोलणारी, दखनी बोलणारी आणि सोलापुरी मराठी बोलणारी मुलं शेजारी-शेजारी बसतात. शाळेची मराठी यांपैकी कुणाच्याच घरची नाही. जिच्या घरी मराठी आहे, तिच्याही घरी ‘येलालाय’, ‘करलालाय’ अशीच आहे. म्हणजे लिहायला बसताना प्रत्येक मूल आधी स्वतःच्या घराचं दार लोटून घेतं आणि मग उरलेल्या शब्दांत लिहायचा प्रयत्न करतं. ते शब्द पुरत नाहीत. पुरत नाहीत म्हणून गाईडातले घेतं, नाहीतर शेजारच्याचे.

ज्या मातीत हे चाललंय, तिचा इतिहास नेमका याच्या उलट आहे. ज्यांच्या यात्रेला भर संक्रांतीत अख्खं सोलापूर पांढऱ्या बाराबंदीत नंदीध्वजांबरोबर चालतं, ते सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले वचनकार. त्यांनी वचनं रचली ती लोकांच्या कन्नडमध्ये. याच जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या अरणला सावता माळी झाले. मळा, भाजी, पाण्याची मोट हेच त्यांच्या भक्तीचे शब्द. मंगळवेढ्याशी नातं असलेल्या चोखोबांचं तर घरच्या घर अभंग रचणारं होतं. स्वतः चोखोबा, पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मुलगा कर्ममेळा. गावानं वेशीबाहेर ठेवलेल्या एका घरातल्या चौघांनी आपलं दुःख, आपला राग, देवाशी केलेलं भांडण आपल्याच बोलीत मांडलं, आणि ते सातशे वर्षांनंतरही आपण वाचतो. यांच्यातल्या कुणालाही ‘भाषा सुधारा’ असा शेरा देण्याची माझी छाती होणार नाही. मग मागावर काम करणाऱ्याच्या मुलीला तो देताना माझा हात का थांबला नाही? कांडी, धोटा, बीम, जेकार्ड हे मागाचे शब्द तिला येतात, मला नीट येत नाहीत. तिच्याकडं माझ्यापेक्षा जास्त मराठी होती.

कायदाही मुलाच्याच बाजूनं आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातलं 29 वं कलम सांगतं, की शिकवणं शक्य तितकं मातृभाषेत असावं आणि मुलाला भीतीशिवाय आपलं मत मांडता यावं. शाळांनी फलक लावले, समित्या नेमल्या, कागदपत्रं पूर्ण केली. निबंधाची वही मात्र या कायद्याच्या बाहेरच राहिली.

माझी मागणी मोठी नाही. सोलापुरातल्या प्रत्येक शाळेनं, मग ती महापालिकेची असो, जिल्हा परिषदेची असो वा खासगी, आठवड्यातला एक तास मुलांना लिहायला द्यावा. त्याला गुण नाहीत, लाल खूण नाही. घरची भाषा आली तर येऊ द्यावी. आणि शिक्षकानं वाचून झाल्यावर खाली एक ओळ लिहावी, ती मजकुराबद्दल. ‘छान’ लिहून सुटका करून घेऊ नये. ‘प्लास्टिक टाकायला पळताना नायना घसरले नाहीत का कधी?’ असं काहीतरी लिहावं, म्हणजे मुलाला कळतं की बाईंनी खरंच वाचलंय.

यावर माझ्याच सहकाऱ्यांचे आक्षेप मी ऐकले आहेत, आणि ते खोटे नाहीत.

पहिला शुद्धलेखनाचा. मुलांना हवं तसं लिहू दिलं तर ऱ्हस्व-दीर्घ कधी शिकणार? शिकवायचंच आहे. प्रमाण मराठी आली नाही तर पुढं अर्ज, मुलाखत, नोकरी सगळीकडं त्याच मुलांची अडवणूक होते, हे मी चांगलं ओळखून आहे. ज्यांच्या घरी पुस्तकं आहेत त्यांना याची झळ लागत नाही. प्रश्न क्रमाचा आहे. चादर मागावरून उतरली की तिच्यावर हात फिरवतात, सुटलेले धागे कापतात, दोष काढतात. पण ती विणली जात असतानाच कुणी दर दोन बोटांवर माग थांबवला तर चादर होणार कधी? आधी मुलाला सगळं लिहू द्या. मग त्यातलं एखादं पान भिंतीवर लावायचं ठरलं की तेच मूल विचारायला येतं, ‘बाई, पहिली वेलांटी का दुसरी?’ माझ्या सगळ्या नोकरीत एवढ्या आपुलकीनं वेलांटी मला कुणी विचारली नव्हती. आता निवृत्तीनंतर रविवारी मी मुलांना घेऊन बसते, तिथं मुलं विचारतात, कारण ते पान दुसरं कुणीतरी वाचणार असतं.

दुसरा आक्षेप वेळेचा, आणि तो मला सगळ्यांत खरा वाटतो. कायद्यात सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक असं लिहिलंय. नववी-दहावीच्या तुकड्या साठच्या पुढं जातात. त्यात निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं. साठ वह्या दर आठवड्याला कोण वाचणार? मी म्हणते, वाचूच नयेत. दर आठवड्याला दहा वाचाव्यात. सहा आठवड्यांत प्रत्येक मुलाला एकदा मनापासून दिलेलं उत्तर मिळतं. वर्षभर लाल खुणा मिळून जे होत नाही ते त्या एका उत्तरानं होतं. उरलेल्या पन्नास वह्या मुलांनी एकमेकांच्या वाचाव्यात. मुलं एकमेकांची फार चांगली वाचक असतात. कंटाळा आला तर तोंडावर सांगतात आणि आवडलं तर पुन्हा मागतात.

परीक्षेचं काय, हा तिसरा. दहावीच्या मराठीत उपयोजित लेखन आहे. बातमी, जाहिरात, कथालेखन, प्रसंगलेखन, आत्मकथन असले प्रकार त्यात येतात. कागदावर पाहिलं तर मूल स्वतःच्या डोळ्यांनी बघेल, स्वतःच्या शब्दांत मांडेल अशीच ही योजना आहे. वर्गात मात्र त्याचेही साचे तयार झाले. दर आठवड्याला लिहिणाऱ्या मुलाला तिथं अडचण येऊ नये. पण मी खोटी हमी देणार नाही. उत्तरपत्रिका तपासणारा हिरव्या शालूचाच चाहता निघाला, तर खरं लिहिणाऱ्या मुलाचे गुण जातीलही. तपासनीस म्हणून मी स्वतः तसे कापलेले आहेत. म्हणून ही गोष्ट एकट्या वर्गशिक्षकावर ढकलून चालणार नाही. गुण कशाला द्यायचे याची जी सूचना तपासणाऱ्यांना मिळते, तिच्यात ‘मुलानं स्वतः पाहिलेलं काही आलं आहे का’ ही गोष्ट यायला हवी.

निबंध स्पर्धांबद्दल थोडंच बोलते. 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन येतो, शाळाशाळांत स्पर्धा होतात, तिघांना बक्षीस मिळतं आणि बाकीच्या वर्गाला आपण लेखक नाही हे कळतं. 12 जानेवारीला तर मला फार वाईट वाटतं. 1931 साली त्या दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकृष्ण सारडा या चौघा सोलापूरकरांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं. 1930 च्या मे महिन्यात या गावानं इंग्रजांचा मार्शल लॉ सोसला. आणि आमची मुलं त्या दिवशी पाठ केलेलं एकच भाषण आलटून-पालटून म्हणतात. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून रोज शाळेला जाणाऱ्या पोराला ‘तिथून जाताना तुला काय वाटतं’ असं कुणी विचारत नाही. आपल्या आजोबांच्या आजोबांनी तेव्हा काय पाहिलं असेल, हे घरी विचारून ये, असंही कुणी सांगत नाही.

आता तर साच्यातला निबंध लिहून द्यायला मोबाईलच पुरेसा आहे. विषय सांगितला की दोन मिनिटांत हिरवा शालू, मोर, बळीराजा, सगळं शुद्ध मराठीत. शिक्षक घाबरले आहेत, मुलं स्वतः लिहिणार नाहीत म्हणून. मी उलटं म्हणेन. जो निबंध यंत्राला बसल्या जागी लिहिता येतो, तो आपण मुलांकडून इतकी वर्षं का लिहून घेतला? पाच दिवसांनी नळाला पाणी आलं त्या रात्री तुमच्या गल्लीत काय झालं, कोण कुणाशी भांडलं, घागर कुणाची फुटली, हे त्या यंत्राला कुठून ठाऊक असणार? ते फक्त त्या मुलाकडं आहे.

निवृत्त झाल्यापासून मी दर रविवारी सकाळी घराजवळच्या समाजमंदिरात मुलांना घेऊन बसते. पंधरा-वीस मुलं येतात, उन्हाळ्यात कमी. विषय देते ते असे: नळ येतो तेव्हा. आमच्या घरातले आवाज. ज्या गोष्टीसाठी मार बसला ती. नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय रथात हरवलो तेव्हा. बतुकम्माच्या सणासाठी फुलं कुठून आणली. गड्ड्याच्या जत्रेत काय घ्यायचं होतं आणि काय मिळालं. कधी विषयच देत नाही, एक वस्तू मध्ये ठेवते. एकदा फक्त मागावरचा रिकामा धोटा ठेवला होता; त्या दिवशी एक मुलगा पहिल्यांदा पानभर लिहून गेला.

लहान मुलांकडून मी लिहून घेत नाही. ती सांगतात, मी लिहिते, त्यांच्या शब्दांत, एकही शब्द न बदलता. मग वाचून दाखवते. आपलंच बोलणं कागदातून परत येताना ऐकून पाच-सहा वर्षांचं पोर जे थक्क होतं, ते बघण्यासारखं असतं. मोठी लिहीत असताना मीही लिहिते आणि त्यांच्याबरोबर वाचून दाखवते. हे मला आधी फार जड गेलं. 27 वर्षं निबंध लिहायला सांगितले, पण एकदाही मुलांच्या समोर बसून स्वतः लिहिला नव्हता.

यातलं मी काही नवीन शोधलेलं नाही. लीलाताई पाटलांनी 1985 साली कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, तिथं मुलांचा अनुभव हाच शिकण्याचा पाया मानला गेला. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतंय. आपल्या जुन्या शाळांत हस्तलिखितं निघायची, मुलं चित्रांसकट ती सजवायची. ती पुन्हा काढायला पैसे लागत नाहीत. कोरे कागद, दाभण आणि दोरा एवढंच लागतं, आणि सोलापुरात दोऱ्याला तोटा नाही.

एक अडचण मात्र मला आधी सुचली नव्हती. मुलं खरं लिहायला लागली की घरातलंही लिहितात. बापाचं पिणं, आईचं रडणं, सावकाराचं दारात येणं. एका मुलाचे वडील समाजमंदिरात येऊन मला म्हणाले, ‘बाई, घरातलं बाहेर कशाला काढता?’ त्यांचा राग मला चुकीचा वाटला नाही. त्यानंतर आम्ही एक ठरवलं. कागदाचा कोपरा दुमडला असेल तर तो मी एकटीनं वाचायचा, भिंतीवर लावायचा नाही. दोन कोपरे दुमडले असतील तर मीही उघडायचा नाही, जपून ठेवून मुलाला परत द्यायचा. मुलं हे नियम काटेकोर पाळतात. आणि दुमडलेल्या कोपऱ्याखाली एखाद्या मुलाला इजा होतेय असं दिसलं, तर गप्प बसायचं नाही, त्या मुलाशी बोलून मदत शोधायची, हेही मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून ठेवते. वाचक व्हायचं म्हटलं की ही जबाबदारी अंगावर येतेच.

मागच्या पावसाळ्यात सातवीतल्या एका मुलीनं आईवर लिहिलं. आई विड्या वळताना सीरियल ऐकते, टीव्हीकडं बघत नाही, तरी कोण रडतंय ते तिला आवाजावरून कळतं. तिची बोटं थांबत नाहीत. पांढऱ्या दोऱ्याची गाठ ती न बघता मारते. मी खाली लिहिलं, ‘हे अम्माला वाचून दाखवलंस का?’ पुढच्या रविवारी पोरगी अम्मालाच घेऊन आली. अम्माला मराठी वाचता येत नाही, म्हणून मुलगी एकेक वाक्य मराठीत वाचून तेलुगूत सांगत गेली. अम्मा मान खाली घालून ऐकत होती. मध्येच तिनं हात वर केला आणि तेलुगूत काहीतरी म्हणाली. मुलगी माझ्याकडं वळली.

‘बाई, अम्मा म्हणलालीय, दोरा पांढरा नाही. गुलाबी असतो.’

मग तिनं माझ्याकडून खोडरबर मागून घेतला.